लोन रेंजर: सिरियल वेगळी, मालिका वेगळी

लोन रेंजर म्हणजे अमेरिकन वेस्टर्न कथांमधला मुखवटाधारी नायक, टोंटो त्याचा साथीदार. ‘लोन रेंजरची जुनी सिरियल’ म्हणून लोक फोटो लावतात तो क्लेटन मूर या नटाचा. तो टीव्हीवरच्या मालिकेतल्या बहुतेक भागांतला लोन रेंजर. मालिका १९४९ ते १९५७, २२१ भाग, टोंटोच्या भूमिकेत जे सिल्व्हरहील्स.  सिरियल तिच्या आधीची, १९३८ची, रिपब्लिक पिक्चर्स या हॉलिवूडच्या स्टुडिओची. दिग्दर्शक विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश, प्रकरणं १५, आणि ती टीव्हीसाठी नाही, थिएटरसाठी. दर आठवड्याला एक प्रकरण. शेवटी नायक मरणाच्या दारात, तो वाचला का ते पुढच्या आठवड्यात. मराठीत टीव्हीवरच्या प्रत्येक मालिकेला आपण सिरियलच म्हणतो, म्हणून हा घोळ संपता संपत नाही.

घोडा, टोंटो, चांदीच्या गोळ्या दोन्हीकडे आहेत. सिरियलमध्ये टोंटो झालेला नट वेगळा, चीफ थंडरक्लाउड, एवढंच. खरा फरक मुखवट्याचा आहे आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

मालिकेत मुखवटा कॅव्हेंडिश या गुंडाच्या टोळीपासून लपण्यासाठी आहे. ही टोळी सहा रेंजर्सवर, म्हणजे टेक्सासच्या कायदा राखणाऱ्या शिपायांवर, दबा धरून हल्ला करते, त्यातला एकच वाचतो, तोच आपला नायक. तरी टोंटो थडगी सहा करतो, टोळीला वाटावं की कुणी उरलं नाही. मारल्या गेलेल्या भावाच्या जाकिटाचं कापड कापून मुखवटा होतो. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. सहावं थडगं रिकामं आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं.

सिरियलमध्ये मुखवटा आपल्यापासूनच लपवतो. १८६५चं टेक्सास. कर्नल जेफ्रीजच्या नावाने वावरणाऱ्या स्मिथ या खलनायकाला एवढंच कळलेलं असतं की पाच जणांपैकी कुणीतरी एक लोन रेंजर आहे. कोण, ते त्याला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. मग पाचांतले एकेक मरत जातात आणि प्रत्येक मरणानंतर आपण उरलेल्यांचे चेहरे नव्याने न्याहाळू लागतो. तोंडावरून ओळख पटू नये म्हणून मुखवट्याला नाकाखालीही जाळी आहे, आणि त्याआडून येणारा आवाज वेगळ्याच नटाचा आहे. उत्तर शेवटच्या प्रकरणात.

म्हणूनच सिरियलची माहिती देताना पहिल्याच ओळीत नायकाचं नाव लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चार तासांहून जास्त लांबीचं कोडं ते एका ओळीत मारून टाकतात. मी ते नाव लिहिणार नाही. १९४०मध्ये याच सिरियलची काटछाट करून काढलेला चित्रपटही पाहू नका, संशयाला त्यात वेळच उरत नाही. १९३९मध्ये आलेल्या पुढच्या सिरियलमध्ये नायक रॉबर्ट लिव्हिंग्स्टन आहे, आणि तिथे नायक कोण हे कोडंच नाही. तो बराच वेळ मुखवट्याशिवाय वावरतो.

१५ प्रकरणं एका बैठकीत संपवू नका. रोज एकच बघा. सुरू करण्याआधी कागदावर पाच नावं लिहून ठेवा: ॲलन किंग, बॉब स्टुअर्ट, बर्ट रॉजर्स, डिक फॉरेस्ट, जिम क्लार्क. आणि एकेक खोडत जा.