नार सरोवराच्या गाळात उमटलेली सरहद्द

मध्य तुर्कस्तानातील कॅपाडोकिया या पठारी प्रदेशात नार नावाचे एक लहानसे सरोवर आहे. ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या खळग्यात पाणी साचून ते तयार झाले. त्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचे दोन पातळ थर बसतात: उन्हाळ्यात पाण्यातून वेगळ्या होणाऱ्या चुन्याचा एक फिकट थर, आणि त्याच्या जोडीला सेंद्रिय द्रव्याचा एक गडद थर. तळाच्या पाण्यात प्राणवायू अत्यल्प असल्यामुळे तेथे गाळ उकरणारे जीव जगत नाहीत, आणि हे थर न विस्कटता एकावर एक साचत राहतात. झाडाच्या खोडातील वर्तुळे मोजावीत तशा या जोड्या मोजता येतात आणि गाळाचा कोणता भाग कोणत्या वर्षाचा हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

या थरांमध्ये आसपासच्या वनस्पतींचे परागकणही अडकलेले असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हे परागकण थराथराने मोजले. इसवी सन ३०० ते ६७० या काळात धान्याचे आणि लागवडीच्या झाडांचे परागकण भरपूर आढळतात, म्हणजे परिसर कसलेला आणि नांदता होता. सुमारे ६७० नंतर ते ओसरतात आणि रानझाडांचे परागकण वाढू लागतात. शेते ओस पडली, बांधांवर झाडोरा माजला आणि पुढची जवळजवळ २८० वर्षे ती जमीन पूर्वीसारखी लागवडीखाली आली नाही. सुमारे ९५० मध्ये धान्याचे परागकण पुन्हा दिसू लागतात. या दोन तारखांच्या मध्ये कॅपाडोकिया ही बायझंटाइन साम्राज्याची, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचे इस्तंबूल) ही राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याची, तटबंद सरहद्द होती.

सातव्या शतकात अरब सैन्यांनी सीरिया आणि इजिप्त जिंकून घेतल्यावर कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सम्राटांच्या हाती आशिया खंडात प्रामुख्याने अनातोलियाचे, म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानाचे, पठार उरले, आणि त्या पठाराची दक्षिणेकडील भिंत म्हणजे टॉरस पर्वत. पर्वत सलग असला तरी त्यात खिंडी आहेत, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाची खिंड, जिला प्राचीन काळापासून ‘सिलिसियाची द्वारे’ म्हणत, ती तार्सस शहराकडून थेट कॅपाडोकियात चढते. खिंडीच्या दक्षिणेला अरबांचे मोठे लष्करी ठाणे, उत्तरेला बायझंटाइन किल्ले, अशी ही रचना तीन शतके जवळजवळ तशीच राहिली.

साम्राज्याचा मुलूख तेव्हा ‘थीमा’ नावाच्या लष्करी प्रांतांत विभागलेला होता आणि प्रत्येक थीमाचा सेनापती हाच तेथील कारभाराचाही प्रमुख असे. सीमेवरच्या डोंगराळ पट्ट्यांसाठी मात्र ‘क्लेइसूरा’ नावाचा आणखी लहान, अधिक आटोपशीर प्रांत निर्माण करण्यात आला. या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी बंद केलेली वाट, म्हणजे खिंड. कॅपाडोकिया आधी अनातोलिकोन या मोठ्या थीमाचा एक विभाग होता. नवव्या शतकाच्या आरंभी तो स्वतंत्र क्लेइसूरा झाला आणि ८३० च्या सुमारास त्याला पूर्ण थीमाचा दर्जा मिळाला. कोरोन हा त्याचा मुख्य किल्ला होता. अरब भूगोलकारांनी या प्रांताच्या फौजेचा आकडा ४,००० दिला आहे. तार्ससहून निघणाऱ्या मोठ्या स्वारीसमोर ही शिबंदी तोकडीच होती. खुद्द खलिफा अल-मामून ८३० मध्ये चालून आला तेव्हा कोरोन त्याच्या हाती पडलाच.

या स्वाऱ्या केव्हा होणार हे मात्र बऱ्याच अंशी आधी ठाऊक असे, कारण त्यांचे वेळापत्रक गवतावर अवलंबून होते. दहाव्या शतकातील अरब लेखक कुदामा इब्न जाफर याने ते स्पष्ट लिहून ठेवले आहे. वसंतातील कोवळ्या चाऱ्यावर घोडी पोसली गेली की १० मे रोजी पहिली मोहीम निघावी आणि ती ३० दिवस चालावी, कारण तेवढे दिवस शत्रूच्या मुलखात घोड्यांना भरपूर चारा मिळतो. मग २५ दिवस विसावा घेऊन १० जुलैला उन्हाळी मोहीम काढावी, ती ६० दिवसांची. हिवाळ्यात शक्यतो जाऊच नये. जावे लागलेच तर फेब्रुवारीच्या अखेरीस जावे आणि २० दिवसांपेक्षा जास्त राहू नये, कारण तेवढ्याच दिवसांची शिधासामग्री घोड्यावर लादता येते. ही शुद्ध मुलूखगिरी होती. तिचा हेतू लूट, कैदी आणि गुरे हा असे, आणि जनावराच्या पोटाची मर्यादा हीच तिची मर्यादा होती.

बचावाची पद्धत या मर्यादेला अनुसरूनच घडली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सम्राट निकेफोरस फोकास याच्या अनुभवावर आधारित असा एक युद्धविषयक ग्रंथ तयार झाला, आणि सरहद्दीवरच्या लढाईची कला त्यात बारकाईने नोंदवलेली आहे. आत शिरणाऱ्या शत्रूला तोंडावर अडवू नये असा त्याचा सल्ला आहे. घोडी ताजी आणि सैन्य हलके असताना तसे करण्यात नुकसानच जास्त. त्यापेक्षा थोड्या स्वारांनी त्याच्या मागावर राहावे, चाऱ्यासाठी पांगलेल्या टोळ्या कापून काढाव्यात आणि लुटीच्या ओझ्याने व हाकून आणलेल्या गुरांमुळे मंदावलेले ते सैन्य परतीच्या वाटेवर खिंडीत गाठावे. त्यासाठी आधी खबर लागणे महत्त्वाचे. वाटांवर तीन-चार मैलांच्या अंतराने टेहळे बसवलेले असत आणि ते दर १५ दिवसांनी बदलले जात. चाहूल लागताच एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे वर्दी जाई. गावोगाव फिरून माणसे आणि गुरे किल्ल्यांत किंवा डोंगरात हलवण्यासाठी वेगळे अधिकारीही नेमलेले असत. मला या व्यवस्थेतील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गाव जळणार हे येथे गृहीत धरलेले आहे आणि सारा खटाटोप माणूस वाचावा यासाठी आहे.

कॅपाडोकियात लपायला डोंगर नसला तरी चालत असे. लाखो वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी उधळलेल्या राखेचा येथे जाड खडक झाला आहे. हा टफ खडक आत इतका मऊ असतो की साध्या लोखंडी हत्याराने तो कोरता येतो, आणि उघडा पडलेला पृष्ठभाग हवेने हळूहळू कठीण होतो. म्हणूनच येथे घरे, देवळे, तबेले आणि अखेर जमिनीखालची आख्खी वस्ती कोरली गेली. देरिनकुयू येथील अशी वस्ती सुमारे ८५ मीटर खोल जाते. तिच्यात हवेसाठी उभे बोगदे आहेत, विहिरी आहेत, आणि अरुंद वाटा आतून बंद करण्यासाठी जात्याच्या पाळीसारखे गोल दगड आहेत. अशा वस्त्यांची सुरुवात बायझंटाइन काळाच्या पुष्कळ आधीची असली तरी त्यांचा मोठा विस्तार याच धामधुमीच्या शतकांत झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अरब लेखक या भागाला ‘मतामीर’ म्हणत. मतमूरा म्हणजे धान्य साठवायचे पेव, आणि मतामीर हे त्याचे अनेकवचन. दहाव्या शतकातील इतिहासकार लिओ द डीकन यानेही नोंदवले आहे की येथील लोकांना पूर्वी ‘गुहावासी’ म्हणत, कारण ते बिळांत, कपारींत आणि भुयारांच्या जाळ्यांत लपत.

प्रांताला खबर लागली तरी ती राजधानीला कळणे आवश्यक होते, आणि कॉन्स्टॅन्टिनोपल सुमारे ७२० किलोमीटर दूर होते. सम्राट थिओफिलस (कारकीर्द ८२९ ते ८४२) याच्या काळात ‘गणिती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिओ या विद्वानाने यासाठी अग्निसंकेतांची एक साखळी योजली, असे बायझंटाइन ग्रंथ सांगतात. खिंडीच्या उत्तर तोंडाशी असलेल्या लूलोन किल्ल्यापासून राजवाड्यातील दीपगृहापर्यंत एकूण नऊ ठाणी होती. पूर्वेकडील उघड्या पठारावर दोन ठाण्यांमधील अंतर ९७ किलोमीटरपर्यंत जाई, तर पश्चिमेकडील तुटक भूप्रदेशात ते बरेच कमी होते.

एवढ्या अंतरावरून आग दिसेल का, ही शंका साहजिक आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजाचे अंतर मर्यादित असते: उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की ते किलोमीटरमध्ये मिळते. म्हणजे ९७ किलोमीटरवरच्या दोन टेकड्यांनी मधल्या सपाटीपासून प्रत्येकी सुमारे १८५ मीटर डोके वर काढले तरी भूमितीच्या दृष्टीने त्या एकमेकींना दिसतात. साखळीतील दुसरे ठाणे बहुतेक हसन पर्वतावर होते आणि त्याचे शिखर समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटर उंच आहे, तेव्हा येथे गोलाईची अडचण नव्हती. खरी अडचण धुक्याची आणि उन्हाळी धुळीची असणार. विसाव्या शतकात या साखळीची पडताळणी करून पाहिली गेली तेव्हा संदेश सुमारे तासाभरात पोहोचू शकतो असे दिसले.

आग केवळ ‘काहीतरी घडले’ एवढेच सांगते, आणि लिओची खरी करामत येथे आहे. त्याने एकाच मापाची दोन घड्याळे करवून एक लूलोनला आणि एक राजवाड्यात ठेवले. बारा तासांना बारा अर्थ ठरलेले होते: एखादा तास स्वारीचा, दुसरा युद्धाचा, तिसरा जाळपोळीचा. ज्या तासाला आग पेटवली जाई तो तासच संदेश असे. आता या दोन जागांच्या रेखांशांत सुमारे साडेपाच अंशांचा फरक आहे, म्हणजे लूलोनला सूर्य राजधानीपेक्षा सुमारे २२ मिनिटे आधी माथ्यावर येतो. दोन्ही घड्याळे आपापल्या मध्यान्हावर लावलेली होती असे धरून मी हिशेब करून पाहिला. लूलोनला तिसरा तास सुरू होताच पेटवलेली आग तासाभराने राजवाड्यात दिसली, तर तेथे तिसरा तास सुरू होऊन सुमारे ३८ मिनिटे झालेली असतात. म्हणजे संदेशाला लागणारा वेळ पूर्वेकडच्या आघाडीतून काही अंशी भरून निघतो, आणि आग तासाच्या आरंभीच पेटवण्याची शिस्त पाळली तर अर्थ चुकत नाही.

या साखळीची कमकुवत कडी लूलोनच होती. थिओफिलसच्याच कारकीर्दीत, ८३२ मध्ये, अल-मामूनने दीर्घ वेढ्यानंतर तो किल्ला घेतला, आणि मधली थोडी उलथापालथ सोडली तर ८७७ पर्यंत तो अरबांकडे राहिला. म्हणून मूळ आराखड्याप्रमाणे ही योजना सलग फार वर्षे चालली नसावी असे मला वाटते. पुढे असेही सांगितले गेले की सम्राट तिसरा मायकेल याने रथशर्यतीचा रंग बिघडू नये म्हणून राजधानीजवळचे संकेत बंद करवले. पण ही कथा त्याचा खून करून गादीवर आलेल्या घराण्याच्या आश्रयाने लिहिली गेली, म्हणून इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ८७७ मध्ये किल्ला परत मिळाला तोही लढाईने नव्हे. तेथील शिबंदीच्या वाट्याचा पैसा तार्ससच्या सुभेदाराने स्वतःकडे ठेवला आणि उपासमार झालेल्या सैनिकांनी तो बायझंटाइनांच्या स्वाधीन केला.

आता पुन्हा नारच्या गाळाकडे पाहावे. ६७० नंतर शेती का मोडली याचे उत्तर दुष्काळात सापडत नाही, कारण त्याच गाळातील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या हलक्या व जड अणूंच्या प्रमाणावरून) असे दिसते की साधारण ५६० ते ७५० हा काळ उलट ओलसर होता. पाऊस होता, जमीन तीच होती. दर मे आणि जुलैला येणाऱ्या घोडदळाच्या वाटेवर द्राक्षवेल किंवा फळझाड लावून त्याच्या फळाची वर्षानुवर्षे वाट पाहण्याची हिंमत मात्र उरली नव्हती. ७०८ मध्ये त्याना शहर पडले आणि उजाड झाले, तेव्हा या भागातील मोठ्या वस्तीचा आधारही गेला. किल्ल्यांनी, टेहळ्यांनी आणि भुयारांनी माणसे आणि गुरे वाचवली; उभे पीक आणि बागा त्यांच्याने वाचणे शक्य नव्हते.

दहाव्या शतकात बाजू पालटली. बायझंटाइन सैन्ये टॉरसच्या पलीकडे उतरू लागली आणि ९६५ मध्ये निकेफोरस फोकासने तार्सस जिंकले. गाळात धान्याचे परागकण त्याआधी काही वर्षे, सुमारे ९५० पासूनच, परतू लागलेले दिसतात. ६७० पूर्वीसारख्या फळबागा मात्र त्या थरांत फारशा नाहीत. धान्याच्या जोडीला आता गुराढोरांच्या चराईच्या खुणा आहेत, आणि धान्य व पशुपालन यांचा हा मेळ त्या गाळात एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकलेला आहे.