मूकपट शांततेत पाहिले जात नसत

‘मूकपटांच्या काळी प्रेक्षक चिडीचूप बसून सिनेमा बघत, संगीत आलं ते बोलपटांबरोबर,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. समज स्वाभाविक आहे, कारण फिल्मवर ध्वनी नव्हताच. पण थिएटरात पडद्याजवळ पियानो किंवा ऑर्गन, मोठ्या ठिकाणी अख्खा वाद्यवृंद वाजत असे. १९०८ मध्ये फ्रान्समध्ये एका मूकपटासाठी स्वतंत्र संगीतही रचलं गेलं. पुढे वादकांना छापील ‘क्यू शीट’ मिळू लागली: अमुक पाटी पडद्यावर आली की अमुक चाल. अशी पत्रकं आजही संग्रहांत बघायला मिळतात.

संगीताची गरज का भासली, हे घरीही तपासता येतं. मूकपटातला पाठलाग आधी आवाज बंद करून बघा, मग द्रुत लयीवर, मग संथ, करुण सुरावटीवर. दृश्यं तीच, पण पळणारा एकदा लबाड वाटतो, एकदा बिचारा.