चोवीस अंश कोणाचे?

नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत ऐन मे महिन्यात खुर्च्यांवर स्वेटर टांगलेले दिसतात. बाहेर घामाच्या धारा, आत कुडकुडणं. भिंतीवर एसीचा 24 आकडा दिसतोय म्हणजे सगळे मजेत, असा ऑफिसवाल्यांचा ठाम समज असतो. वास्तविक हवेचं तापमान हा आराम ठरवणाऱ्या सहापैकी एकच घटक. आर्द्रता, वारा, तापलेल्या काचेतून येणारी उष्णता, कपडे आणि अंगमेहनत हे उरलेले पाच. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी या सहांचं समीकरण मांडलं, पण तेही सांगतं ते घोळक्याचं सरासरी मत, तुमचं नव्हे.

मग सरळ शरीरालाच विचारावं, आणि तेही बोटाच्या टोकाला! बोटं, तळवे आणि तळपायांच्या त्वचेत धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या नळ्या असतात. केशवाहिन्यांना वळसा घालून रक्त यांतून धावतं. पेशींना प्राणवायू पुरवणं हे त्यांचं काम नाही. त्या उष्णता बाहेर टाकतात. थंडी जाणवली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून अनुकंपी (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या) चेतातंतूंमार्फत हुकूम सुटतो आणि नळ्या आवळतात. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह थेट सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून बोटं इतक्या झटकन गार पडतात. ना थंडी ना उकाडा अशा वेळी या नळ्या मिनिटाला दोन-तीनदा उघडमीट करत राहतात. मला तर आरामाची याहून सुंदर खूण माहीत नाही.

मोजायचं कसं? एक सेन्सर बोटावर, दुसरा कोपराखाली. बोट बरंच गार असेल तर शरीर उष्णता राखून ठेवतंय.

ही युक्ती ठाण्याच्या दमट दुपारी मात्र थिटी पडते. नळ्या आधीच सताड उघड्या, मग पुढचा उकाडा बोट कसं सांगणार? तिथे घाम बघावा लागतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता नेतो. टपकला तर जवळपास वाया.

त्वचेवरून तुमचा आराम ओळखून एसी चालवू म्हणणाऱ्या मनगटी घड्याळांच्या जाहिरातींवरही लगेच भुलू नये. मानसिक ताणाने आणि सिगारेटनेही याच नळ्या आवळतात. साहेबांचा फोन आला की बोटं गार पडणार, आणि शहाणा एसी समजणार की तुम्हाला थंडी वाजतेय.