भगवा रंग केशराचा नव्हे

‘संन्याशांची वस्त्रं पूर्वी केशरात रंगवत, म्हणून भगवा आणि केशरी एकच,’ असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते खरं नाही.

एक किलो सुकं केशर मिळवायला सुमारे १.५ लाख फुलं खुडावी लागतात. एका फुलात तंतू तीनच. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसाच्या अंगावर इतकं महागडं द्रव्य कुठून येणार? शिवाय केशराचा रंग उतरतो पिवळा. मसाला दूध आठवा. संन्याशाची छाटी, म्हणजे अंगावरचं वस्त्र, रंगायची ती कावेनं, म्हणजे गेरूनं. ही लोहाची तांबडी माती. कोकण-गोव्यातल्या देवळांवरची कावी चित्रं काढतात तीही तांबड्या मातीनंच. ‘भगवा’ या शब्दातही झाड नाही. तो ‘भगवत्’वरून आलाय.

झाडाचा रंग खरा सापडतो तो बौद्ध भिक्खूंच्या चीवरात, म्हणजे त्यांच्या वस्त्रात. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांना विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, परवानगी आहे. थायलंडमध्ये त्यासाठी फणसाच्या लाकडाचा गाभा उकळत. या वस्त्राला म्हणतात काषाय. ‘कषाय’ म्हणजे तुरट, सालींच्या काढ्याची चव. चवीवरून रंगाला नाव मिळावं, हे मला फार सुंदर वाटतं.

‘केशरी’ मात्र केशरावरूनच. पण संस्कृतात ‘केसर’ म्हणजे फुलातला तंतू आणि आयाळसुद्धा, म्हणून सिंह ‘केसरी’. त्या मसाल्याचं संस्कृत नाव होतं कुंकुम. आज आपलं कुंकू हळदीपासून करतात, नाव तेवढं केशराचं उरलंय.