साखर आणि पुरुषी संप्रेरके

साखरेच्या सेवनाचा पुरुषाच्या जननसंप्रेरकांवर, मुख्यतः टेस्टोस्टेरॉनवर, होणारा परिणाम. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. इथे 'साखर' म्हणजे कारखान्यातून निघणारा माल, 'साखर' म्हणजे चहातला चमचा आणि 'त्यांना साखर हाय' म्हटले की मधुमेह. या विषयातला बराचसा गोंधळ शेवटच्या दोन साखरांची गल्लत झाल्याने होतो.

टेस्टोस्टेरॉन वृषणांतील लायडिग पेशी तयार करतात. मेंदूतील अधोथॅलॅमस पोष ग्रंथीला (पिट्युटरीला) इशारा देतो, ती एलएच हे संप्रेरक सोडते आणि वृषण कामाला लागतात. रक्तातील बराचसा टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाला घट्ट चिकटून फिरतो.

साखरेचा ताबडतोबीचा परिणाम मोजला गेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७४ पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजले. त्यांचा टेस्टोस्टेरॉन सरासरी चतुर्थांशाने उतरला आणि दोन तासांनंतरही खालीच होता. मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या, दोघांतही हे दिसले. एलएच मात्र फारसे बदलले नाही. ही घट थोड्या वेळापुरती असते. रसवंतीवरचा एक ग्लास प्याला म्हणून कोणी नपुंसक होत नाही.

खरे नुकसान रोजच्या सवयीतून, वर्षानुवर्षे होते. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावते. तो सतत जास्त येत राहिला तर यकृतात चरबी साठते, इन्शुलीनला शरीर दाद देईनासे होते आणि एसएचबीजी घटते. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतो, पण मोकळा, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेला, टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतो. निव्वळ एका आकड्यावरून घाबरू नये ते यासाठी. दुसरी वाट पोटाची. चरबीतील ॲरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायोलमध्ये रूपांतर करते. लठ्ठपणात मेंदूकडून येणारा इशाराही मंदावतो. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत साधारण चतुर्थांश ते एकतृतीयांश जणांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळतो. कारण नेमके कोणते आणि परिणाम कोणता, हे इथे सुटे करता येत नाही, कारण कमी टेस्टोस्टेरॉनही पोट वाढवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली आणि मध, रस यांतली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली असावी. ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, जेमतेम सहा चमचे. दोन चमच्यांचा चहा चार वेळा झाला की आठ चमचे तिथेच होतात. उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, बर्फ आणि लिंबू कितीही घाला. गूळही या हिशेबात वेगळा नाही. तोही मुख्यतः साखरच. कडक भाकरी नि शेंगाचटणी या बाबतीत बिचाऱ्या निर्दोष आहेत.

सोलापूरचा उन्हाळा आणि यंत्रमागाच्या शेडमधला उकाडा हा वेगळा विषय. वृषणांचे तापमान वाढले की आधी बाधते ती शुक्राणुनिर्मिती, त्याचा साखरेशी संबंध नाही.

वजन उतरले की टेस्टोस्टेरॉन बऱ्याच अंशी आपोआप चढतो. सल्ल्याशिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणे मात्र उलट अंगाशी येते: पोष ग्रंथी एलएच आणि शुक्राणुनिर्मितीला लागणारे एफएसएच हे संप्रेरक सोडणे थांबवते आणि शुक्राणू घटतात, कधी पूर्ण नाहीसे होतात. मूल हवे असणाऱ्या तरुणाने जिममधली अशी इंजेक्शने घेणे म्हणजे स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतो, म्हणून तपासणी सकाळी उपाशीपोटी करतात आणि आकडा कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. लॅबच्या वाटेवर टपरीवर थांबून घेतलेला गोड चहादेखील आकडा खाली आणू शकतो.