फरक पडला, पण किती?

कामाची नवी पद्धत लागू झाली की काही महिन्यांनी अहवाल येतो: ‘सुधारणा सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आहे.’ बहुतेकांना तेवढ्याने समाधान वाटते. मला ते घाईचे वाटते. ‘लक्षणीय’चा अर्थ इतकाच, की बदलाचा काहीच परिणाम नसता तर एवढा फरक केवळ योगायोगाने क्वचितच दिसला असता. तो फरक खर्चाच्या तोडीचा आहे का, हे त्यातून कळत नाही.

समजा, ग्राहकाचा एक फोन सरासरी १० मिनिटे चालतो आणि फोनाफोनांत साधारण ३ मिनिटांचे प्रमाण विचलन (फोनांचा वेळ सरासरीपासून साधारण किती दूर जातो, त्याचे माप) असते. बदलाआधीचे १०,००० आणि नंतरचे १०,००० फोन तपासले, तर अवघ्या १२ सेकंदांची बचतही ठळकपणे ‘लक्षणीय’ ठरते. याउलट दोन्हीकडचे २०-२० फोनच तपासले आणि पूर्ण एक मिनिट वाचलेले दिसले, तरी निकाल ‘लक्षणीय नाही’ असाच येतो. अनिश्चितता धरली, तर खरा परिणाम जवळपास तीन मिनिटांच्या बचतीपासून उलट मिनिटभराच्या तोट्यापर्यंत कुठेही असू शकतो. अशा वेळी बदल निरुपयोगी ठरवणे चूक; माहिती अपुरी आहे, इतकेच म्हणता येते. म्हणून किती सेकंद वाचले तर खर्च भरून निघेल, हे आकडे हाती येण्याआधीच ठरवावे. नंतर ठरवले, तर मिळालेला आकडाच पुरेसा वाटू लागतो.

नुसती आधी-नंतरची तुलनाही फसवते. बदल बहुधा कामगिरी घसरलेली असतानाच केले जातात, आणि फार घसरलेले आकडे काही न करताही सरासरीकडे परततात. त्यामुळे बदल न झालेला, तुलनेसाठीचा गट लागतोच.

चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीने तो ठेवला. कॉल सेंटरमधील इच्छुक आणि पात्र अशा २४९ जणांपैकी सम जन्मतारखेच्यांना आठवड्याचे चार दिवस घरून काम दिले. विषम तारखेचे कार्यालयातच राहिले. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. या १३ टक्क्यांपैकी ९ टक्के वाढ कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांतीमुळे, म्हणजे जास्त मिनिटे काम झाल्याने झाली होती. वाढ नेमकी कुठून आली, हे कळल्याशिवाय तिची किंमत ठरवता येत नाही. पुढे कंपनीने सर्वांनाच निवडीची मुभा दिली. प्रयोगात भाग घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपली कामाची जागा बदलली आणि घरून कामाचा फायदा २२ टक्क्यांपर्यंत गेला.