गांजाविषयक कायदा व लोकमत (सोलापूर जिल्हा)

गांजाकडे पाहण्याची सरकारची नजर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा पालटली. लोकांची नजर मात्र फारशी पालटली नाही. सोलापूर जिल्ह्यात ही तफावत ठळक दिसते. महाशिवरात्रीला शंकराचा प्रसाद म्हणून भांग घेणाऱ्याला येथे कोणी व्यसनी म्हणत नाही, बैराग्याच्या चिलमीकडेही काणाडोळा होतो. तीच चिलीम गिरणीतल्या किंवा यंत्रमागावरच्या कामगाराच्या हाती दिसली, की तो गांजेकस ठरतो आणि घराची अब्रू जाते. पंढरपूरच्या वारीत तर गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याला नशापाणी वर्ज्यच. ओढणारा कोण, यावरच बरेवाईट ठरत आले आहे.

इंग्रजी अमलात सोलापूर मुंबई इलाख्यात होते. गांजा तेव्हा अबकारी उत्पन्नाची बाब होती; सरकारी परवान्याच्या दुकानांतून तो उघड मिळे. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावर 1893 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याने देशभरातील सुमारे 1,200 साक्षीदारांचे म्हणणे जाणून घेतले आणि 1894 च्या अहवालात, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर व नियंत्रण पुरे, असा निष्कर्ष काढला. तिजोरीला हा निष्कर्ष सोयीचाच होता, पण अहवाल वरवरचा म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही.

स्वातंत्र्यानंतर सूर बदलला. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 ने दारूबरोबर भांग-गांजाही कक्षेत घेतला. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने पारंपरिक सेवन बंद करण्यासाठी 25 वर्षांची मुदत मिळवली आणि ती सरण्याआधी, 1985 मध्ये, अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा (एनडीपीएस) आणला. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग केंद्रीय कायद्यातून सुटते. महाराष्ट्रात ती 1949 च्या कायद्यात पुन्हा सापडते, हे प्रसाद घेणाऱ्यांच्या सहसा गावीही नसते.

2001 च्या दुरुस्तीने एनडीपीएस कायद्यातली शिक्षा वजनावर बेतली. 1 किलोपर्यंतचा गांजा अल्प, तर 20 किलोंपुढचा व्यापारी प्रमाणात मोडतो. नंतरच्यास 10 ते 20 वर्षे सक्तमजुरी आणि किमान 1 लाख रुपये दंड आहे. याचा संबंध सोलापूरशी थेट येतो. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ भागातला माल हैदराबादमार्गे पुण्या-मुंबईकडे जाताना सोलापूरच्या महामार्गावरून जातो, आणि पकडला जाणारा सहसा गाडीचा चालक असतो, मालाचा धनी नव्हे.

डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला 1961 च्या करारातील सर्वांत कडक यादीतून वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. देशातला कायदा तसाच राहिला.

शेतातल्या लागवडीचा प्रश्न वेगळा आहे. ऊस किंवा तुरीच्या आडोशाला लावलेली झाडे पोलिस मुळासकट उपटतात आणि पंचनाम्यात ओल्या झाडांचे एकूण वजन लिहिले जाते. खोड, मुळे व पाने वजा केल्यावर कायद्याच्या व्याख्येतला गांजा किती उरतो, यावर न्यायालयात वकील भांडतात. लागवड हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि तिथे वजनाचा हा वाद उपयोगी पडत नाही.